पुढच्या चाकाचा हब पुन्हा पुन्हा गळतोय? नवीन सील आणण्याआधी हे तपासा

हब म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला फिरणारा भाग. आधी लक्षणं. यातली एक-दोन जुळली तरी पुढचं वाचा.

चाकाच्या आतल्या बाजूला टायरवर काळपट, ओलसर पट्टे दिसतात. रिमच्या आतल्या कडेला धूळ चिकटून जाड थर जमतो. ॲक्सलच्या टोकाला जो लोखंडी गोळा असतो, त्याच्या तळाशी काळं पातळ वंगण थेंबाथेंबाने जमतं आणि रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी चाकाखाली डाग असतो. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. हब लॉकच्या, म्हणजे चाक ॲक्सलशी जोडणाऱ्या-सोडणाऱ्या कळीच्या, टोपीभोवती ओलं दिसतं. लांब पल्ल्यानंतर दोन्ही हबना हात लावून पाहिला तर एक जास्त गरम लागतो. ठरावीक वेगाला स्टीअरिंग थरथरतं. आणि या सगळ्यांत बोलकं लक्षण म्हणजे, सील बदललं, काही महिने बरे गेले, आणि पुन्हा तेच सुरू.

हे मी लिहितोय ते बंद नकलच्या सॉलिड फ्रंट ॲक्सलबद्दल. नकल म्हणजे चाकाला धरून वळणारा भाग, आणि इथे तो गोळ्यावर झाकलेला असतो. अशा गाड्या म्हणजे टोयोटा लँड क्रूझरच्या ४० ते ८० मालिका, सुझुकीची एसजे म्हणजेच आपल्या ओळखीची जिप्सी, जुन्या लँड रोव्हर, आणि त्याच घडणीच्या इतर गाड्या. ज्यांचा नकल उघडा आहे आणि बाहेर रबरी बूट किंवा नुसता क्रॉस जॉइंट दिसतो, त्यांना यातला गोळ्याचा भाग लागू नाही. हब, बेअरिंग आणि ब्रीदरचा (ॲक्सलला श्वास घेऊ देणाऱ्या टोपीचा) मात्र तितकाच लागू आहे.

माझ्या स्वतःच्या गाडीचं डावं चाक मी तीनदा उघडलं. पहिल्या दोन वेळी नवीन सील घातलं, साफ केलं, बंद केलं. तिसऱ्या वेळी सील हातात घेऊन बसलो आणि विचार केला की उजव्या बाजूचं याच दर्जाचं सील इतकी वर्षं टिकतं, मग इथलंच का जातं? त्यानंतर ओळखीच्यांच्या गाड्यांचंही हेच काम बरंच केलं आणि जवळजवळ प्रत्येक वेळी सील फाटायला दुसरंच काहीतरी कारण निघालं. ते कारण शोधेपर्यंत सील बदलणं म्हणजे फक्त पुढच्या गळतीची तारीख ढकलणं.

तेल कुठून कुठे येतं

हे एकदा डोळ्यासमोर आणा, मग पुढची प्रत्येक तपासणी का करायची ते आपोआप कळेल.

मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी, त्यात गिअर ऑइल. तिथून दोन्ही बाजूंना ॲक्सलच्या नळ्या. नळीच्या टोकाला, गोळ्याच्या आत, एक ऑइल सील बसवलेलं असतं. त्यातून ॲक्सल शाफ्ट आरपार जातो. हे आतलं सील. त्याच्या अलीकडे तेल, पलीकडे नकलमधलं ग्रीस आणि त्या ग्रीसमध्ये बुडालेला सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळलेलं असतानाही शाफ्टला फिरवणारा सांधा. नकल गोळ्यावर वळतो, म्हणून गोळ्याच्या मागच्या बाजूला फेल्ट आणि रबराचं वायपर सील असतं. नकलच्या पुढे पोकळ स्पिंडल बसतो. त्याच्या पोटातून बाहेरचा शाफ्ट जातो आणि त्याच्या अंगावर दोन टेपर बेअरिंगांवर हब फिरतो. हबच्या मागच्या तोंडाला हबचं ग्रीस सील. सगळ्यात बाहेर हब लॉक किंवा ड्राइव्ह फ्लँज, त्याखाली कागदी पॅकिंग किंवा ओ-रिंग.

आता आतलं सील गेलं असं समजा. गिअर ऑइल नकलमध्ये शिरतं, तिथल्या ग्रीसला पातळ करतं, त्याचं काळं सार होतं. वायपर सील दाट ग्रीस अडवू शकतं, पातळ तेल नाही, म्हणून ते गोळ्यावरून ओघळतं. काही तेल स्पिंडलच्या पोटातून पुढे हबमध्ये जातं, बेअरिंगचं ग्रीस धुऊन काढतं, आणि शेवटी हबच्या सीलमधून ब्रेकवर येतं. तुम्हाला दिसतो तो हब गळताना, पण दोष दोन टप्पे आत असतो. हबचं सील बदलून गळती का थांबत नाही, याचं सर्वांत नेहमीचं उत्तर हेच आहे.

१. पुसा, आणि काय गळतंय ते ओळखा

खर्च शून्य, आणि याच पायरीवर लोक सर्वांत जास्त चुकतात. ओलं दिसलं की ‘सील गेलं’ म्हणून मोकळे होतात. या ठिकाणी चार वेगवेगळे द्रव गळू शकतात आणि त्यातला एक जिवावर बेतणारा आहे.

बोटावर घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, तो एकदा ओळखला की विसरत नाही. ते चिकट असतं. ग्रीस दाट आणि तंतू ओढणारं. दुधाळ, कॉफीच्या रंगाचं काही असेल तर त्यात पाणी आहे. आणि पातळ, जवळजवळ पाण्यासारखं, बोटाला गुळगुळीत लागणारं, रंग सोलवटणारं असेल तर ते ब्रेक ऑइल. शंका असेल तर वाटीभर पाण्यात थेंब टाका. गिअर ऑइल वर तरंगतं. डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. डॉट ५ सिलिकॉनचं असल्यामुळे मिसळत नाही, पण जुन्या गाडीत ते मुद्दाम घातल्याशिवाय नसतं. यासोबत बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळीही बघा.

ब्रेक ऑइल निघालं तर इथेच थांबा. व्हील सिलिंडर किंवा कॅलिपर गळतोय, गाडी चालवायची नाही, आणि ब्रेकचं काम सवयीचं नसेल तर गाडी ओढून न्या. एका मित्राने हेच ओलं हबचं ग्रीस समजून आठवडाभर गाडी फिरवली होती. पेडल खाली जायला लागलं तेव्हा त्याने फोन केला. सुदैवाने तेव्हा गाडी सपाटीवर होती.

ब्रेक ऑइल नसेल, तर गोळा, नकल आणि हबची मागची बाजू रॉकेल किंवा डिग्रीझरने पूर्ण स्वच्छ करा, पण ब्रेक लाइनिंगवर जाऊ देऊ नका. कोरडं झालं की थोडी खडूची पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरा, पाच-दहा किलोमीटर फिरून या, आणि पावडर कुठे भिजली ते टॉर्च लावून बघा. सगळ्यात वरची ओली जागा हे गळतीचं मूळ. खालचा ओघळ कुठेही जाऊ शकतो.

एक गोष्ट मनात पक्की करा. गोळ्यावर ग्रीसचा अगदी पातळ, तेलकट थर असणं ही गळती नाही. वायपर सील नकल वळताना तो थर मागे ठेवतंच, आणि त्यानेच गोळा गंजापासून वाचतो. कोरडा ठणठणीत गोळा पाहिला की मला उलट काळजी वाटते. ओघळ असेल, थेंब असेल, तर गळती.

२. डिफरन्शियलची पातळी

गाडी सपाट जागी, थंड. भरायचा बोल्ट आधी सुटतो का ते बघा, मगच खालच्या बोल्टला हात लावा. उलटं केलं आणि वरचा अडकला तर तेल काढून बसाल आणि भरता येणार नाही. तेल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं असावं. बोल्ट काढताच भडाभडा बाहेर आलं तर जास्त आहे. ते उतारावर उभी करून भरलं असेल, किंवा आत पाणी शिरलंय. दुधाळ असेल तर पाणीच. कमी असेल तर ते कुठे गेलं याचं उत्तर बहुधा नकलमध्ये मिळेल.

पातळी बरोबर असूनही नेहमी एकाच बाजूला गळत असेल, तर गाडी रोज कुठे उभी राहते ते आठवा. एका बाजूला कललेल्या जागी उभ्या गाडीत तेल खालच्या नळीत साचतं आणि त्या बाजूचं सील रात्रभर तेलात बुडून राहतं. थोडं झिजलेलं सील चालताना गळत नाही आणि उभं राहून गळतं, ते यामुळे.

३. ब्रीदर

या एका गोष्टीसाठी मी हा सगळा लेख लिहिला असता.

ॲक्सलच्या वर, बहुतेकदा नळीवर किंवा डिफरन्शियलच्या पाठीवर, लहान टोपीचा ब्रीदर असतो. काही गाड्यांत त्याला नळी जोडून ती वर नेलेली असते. जुन्या गाडीत ती टोपी चिखलाखाली गाडलेली असते आणि कित्येक मालकांना ती आहे हेच ठाऊक नसतं. ती काढा, रॉकेलमध्ये भिजवा, आतली चकती हलते का बघा, आणि ॲक्सलच्या बाजूने फुंकून हवा आरपार जाते का पाहा. माझ्या गाडीत ती नळी कुंभारमाशीने मातीने बुजवून टाकली होती. दोन सीलं त्यापायी गेली.

कारण साधं आहे. ॲक्सल बंद डबा असेल आणि आतली हवा ३० अंश सेल्सिअसवरून ८० अंशांवर गेली, तर दाब सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. सीलची ओठासारखी कड तेल अडवायला बनवलेली असते, दाब झेलायला नाही. तो दाब सर्वांत दुबळ्या सीलमधून वाट काढतो आणि सोबत तेल नेतो. उलटं तर अजून वाईट. तापलेली गाडी ओढ्यात उतरली की ॲक्सल क्षणात थंड पडतो, आतली हवा आक्रसते, आणि सीलच्या उलट दिशेने पाणी आत ओढलं जातं. बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि आत बेअरिंग गंजायला लागतं.

ब्रीदर बंद सापडला तर साफ करा किंवा बदला, आणि शक्य असेल तर तेल चालणारी रबरी नळी जोडून इंजिनाच्या खोलीत उंच न्या. ॲक्सल वरखाली होतो त्याला पुरेल इतकी ढील ठेवा, आणि नळी कुठेही दुमडू देऊ नका. मग पुसून काही दिवस वाट बघा. नुसत्या ब्रीदरने गळती थांबलेल्या गाड्या मी पाहिल्यात. सील अजून फाटलेलं नव्हतं, दाबाने फक्त तेल पुढे ढकललं जात होतं.

४. नकलचा प्लग आणि हबची टोपी

अनेक गाड्यांत नकलवर चौकोनी किंवा षटकोनी डोक्याचा भरायचा प्लग असतो. आजूबाजूची माती पुसून तो उघडा आणि आत स्वच्छ तार बुडवून काढा. हे म्हणजे रक्त तपासणी आहे, काही न खोलता आतली बातमी कळते. तारेवर दाट काळं ग्रीस आलं तर आतलं सील शाबूत आहे. गळती पुढची, हबची किंवा वायपरची. पातळ, गंधकाचा वास येणारं सार आलं तर आतलं सील गेलंय, आणि आता नुसता हब उघडून काही मिळणार नाही. दुधाळ आलं तर आत पाणी आहे आणि फार दिवस थांबू नका. सीव्ही जॉइंट आणि किंगपिनची (ज्या खुंटीवर नकल वळतो तिची) बेअरिंगं आतून गंजतात.

हे वाचताना आपल्या गाडीत मुळात काय भरलेलं असतं ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या. जुन्या लँड रोव्हरच्या गोळ्यांत मुळातच गिअर ऑइल भरायचं असे. नंतर त्यांत अर्धपातळ ग्रीस आलं. तिथे पातळ दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. प्लगच नसेल तर वायपर सीलच्या कड्याचे खालचे बोल्ट सोडून तिथून नमुना घेता येतो.

मग हब लॉकची टोपी काढा. साधारण सहा बोल्ट असतात. आत ग्रीस दाट आहे की तेल वाहतंय? टोपीचं पॅकिंग फाटलंय का, ओ-रिंग चपटी झालीय का, कुठला बोल्ट सैल आहे का? गळती फक्त चाकाच्या बाहेरच्या बाजूला, टोपीभोवती असेल आणि आत ग्रीस नीट असेल, तर नवीन पॅकिंग लावा आणि इथेच काम संपवा. याहून स्वस्तात सुटका नाही.

हब ग्रीसने ठासून भरलेला दिसला तर तेही कारण असू शकतं. काहीजण ‘जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी’ या भावनेने हबची सगळी पोकळी भरतात. तापलं की ग्रीस फुगतं, जागा उरत नाही, आणि ते मागचं सील ढकलून बाहेर येतं. ग्रीस बेअरिंगच्या रोलरांमध्ये हवं. पोकळीत ते फुगायला जागा लागते.

५. चाक हलवून बघा

आता जॅक. मागच्या चाकांना अडण्या, ॲक्सलखाली घोडी (स्टँड), मगच काम. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीजवळ मी बसत नाही, दोन मिनिटांचं काम असलं तरी.

चाक वर आणि खाली धरा, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, आणि आतबाहेर हलवा. खडखड लागली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हब नकलशी जखडला जातो, म्हणून खेळ नाहीसा झाला तर तो हबच्या बेअरिंगचा होता. तरीही उरला तर किंगपिनचा. तीन आणि नऊच्या जागी हललं आणि बारा-सहाला नाही, तर टाय रॉडची टोकं बघा.

सैल बेअरिंगवर हब फिरताना डुलतो आणि सीलची कड एका बाजूला दबते, दुसरीकडे उघडी पडते. जगातलं सर्वांत चांगलं सील आणून घाला, डुलणाऱ्या हबवर ते टिकणार नाही. किंगपिन सैल असेल तर हेच गोळ्याच्या वायपर सीलच्या नशिबी येतं, आणि स्टीअरिंगची थरथरही तिथूनच येते.

चाक हवेत आहे तोवर हाताने फिरवा आणि दुसरा हात जवळच्या स्प्रिंगवर ठेवा. खडबडीत बेअरिंग कानाला कळण्याआधी हाताला कळतं.

नकलच्या वरच्या बाजूला स्टीअरिंग आर्म बसतो त्या गाड्यांत त्याचे नटही पाना लावून तपासा. स्टडच्या मुळाशी ग्रीस झिरपलेलं दिसलं तर ते सैल आहेत. ही गळती किरकोळ दिसते, पण ते स्टड तुटले तर स्टीअरिंग चाकाला वळवू शकत नाही. एखादा स्टड तुटलेला किंवा त्याचे आटे गेलेले दिसले तर गाडी हलवू नका.

६. हब उघडणं

इथून पुढे अर्धा दिवस धरा. नवीन सील, लॉक वॉशर आणि पॅकिंग आधी आणून ठेवा. जुन्या सीलवर आकडे कोरलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. नवीन सील घेताना ते ताडून बघा, फक्त गाडीचं नाव सांगून आणू नका. जुन्या गाड्यांत मध्येच कधीतरी कुणी दुसऱ्या मॉडेलचे भाग बसवलेले असतात.

ब्रेकची धूळ हवेने फुंकू नका. जुन्या लाइनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. डिस्क असेल तर कॅलिपर तारेने टांगा, त्याच्या होजवर लोंबकळू देऊ नका.

हबच्या नटला योग्य सॉकेट लागतो. लँड क्रूझरला ५४ मिलिमीटर, अनेक लँड रोव्हरना ५२. सुझुकीला त्याचा खास दातांचा. छिन्नी-हातोड्याने हा नट सोडणारे पुष्कळ आहेत, आणि मी नट उघडल्यावर आधी तेच व्रण शोधतो. छिन्नीचा एक कण बेअरिंगमध्ये गेला की नवीन बेअरिंगही काही दिवसांचं. शिवाय छिन्नीने नट किती कसला याचा काही अंदाज येत नाही, आणि या सगळ्या दुखण्याचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं.

हब निघाला की तीन गोष्टी बघा. सीलची कड कडक, चिरलेली की एका बाजूला झिजलेली? एका बाजूची झीज म्हणजे हब डुलत होता. बेअरिंगच्या वाट्या आणि रोलर गुळगुळीत करडे आहेत की खड्डे पडलेले, निळसर-तपकिरी झालेले? आणि स्पिंडलवर सील जिथे घासतं त्या पट्ट्यावर नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे आणि नवीन सील त्याच खाचेत बसून गळणार. यावर उपाय आहे: अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ भिंतीची स्टीलची स्लीव्ह त्या पट्ट्यावर चढवता येते. खाच हलकी असेल तर सील एक-दीड मिलिमीटर पुढेमागे बसवून त्याची कड कोऱ्या जागी आणता येते, पण हबच्या खोलीत तेवढी जागा हवी आणि सील कशालाही घासायला नको.

बेअरिंग बदलायचं तर वाटीसकट बदला. जुन्या वाटीत नवीन रोलर घालू नका, दोन्ही एकमेकांशी झिजून जुळलेले असतात. जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढा, कारण वेगवेगळ्या घटकांची ग्रीसं मिसळली की काही जोड्या पातळ पडतात. हबसाठी व्हील बेअरिंगचं लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय २ दर्जाचं. तळहातावर ग्रीस घेऊन रोलरांमध्ये दाबत भरा, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. सीलच्या कडेला थोडं ग्रीस चोपडा, आणि सील बसवताना हबच्या तोंडाएवढी सपाट फळी ठेवून ठोका. थेट हातोडा मारलेलं सील तिरकं बसतं.

नट कसताना हब फिरवत राहा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. आधी घट्ट, मग सैल, मग मॅन्युअलने सांगितलेल्या मापाला. शेवटी एका स्टडला स्प्रिंग काटा अडकवून हब फिरायला किती ओढ लागते ते मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. लॉक वॉशर नवीनच. दुमडलेला पत्रा पुन्हा सरळ करून दुमडला की तो तुटायच्या वाटेवर असतो.

तेल भिजलेले ब्रेक शू किंवा पॅड धुऊन, जाळून पुन्हा वापरू नका. तेल लाइनिंगमध्ये मुरतं आणि तापल्यावर वर येतं. दोन्ही बाजूंचे एकदम बदला, नाहीतर ब्रेक लावताना गाडी ओढतच राहील.

७. नकल उघडणं

चौथ्या पायरीवर तारेला पातळ सार लागलं असेल तर इथे यावंच लागेल. हबनंतर स्पिंडल निघतो. तो चिकटलेला असतो, म्हणून पितळेच्या सळईने गोल फिरत हलके ठोके द्या. मग शाफ्ट जॉइंटसकट बाहेर ओढा.

आतलं सील काढण्याआधी तो शाफ्ट बघा. सीलच्या जागी खाच आहे का? स्पिंडलच्या मागच्या तोंडातलं बुश झिजलंय का? शाफ्टचं बाहेरचं टोक त्यावर तोललेलं असतं. बुश झिजलं की शाफ्ट खाली लोंबतो आणि आतलं सील खालच्या अंगाला दाबतो. ब्रीदरनंतर मला सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण हेच, आणि लोक ते सोडून देतात, कारण बुश डोळ्याला बरं दिसतं. शाफ्ट बुशात घालून वरखाली हलवून बघा.

नवीन सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे, म्हणजे डिफरन्शियलकडे. शाफ्ट परत घालताना त्याचं वजन सीलवर टेकू देऊ नका. एक हात खाली धरून सरळ रेषेत सरकवा, कारण शाफ्टच्या दातांची धार सीलची कड एका क्षणात कापते. नवीन सील पहिल्याच दिवशी गळण्यामागे हीच चूक असते.

किंगपिनची बेअरिंगं काढली तर वरचे आणि खालचे शिम (अंतर भरणाऱ्या पातळ चकत्या) वेगवेगळे बांधून ठेवा. त्यांनी ताण तर ठरतोच, शिवाय गोळ्याच्या मध्याशी नकलची जागाही ठरते. अदलाबदल झाली की नकल वरखाली सरकतो आणि वायपर सील एका बाजूने खातं. वाटीत रोलरांचे खळगे उमटलेले असतील तर बेअरिंग बदला. गोळ्यावर गंजाचे लहान ठिपके असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासता येतात, खोल खड्डे मात्र दर वळणाला वायपर सील किसतात. ते लोखंडासाठीच्या इपॉक्सीने भरून गुळगुळीत करावे लागतात, नाहीतर गोळाच बदलावा लागतो.

सीव्ही जॉइंटसाठी मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं ग्रीस. जॉइंटमध्ये दाबून भरा, आणि नकलची पोकळी साधारण पाऊण भरा.

कुठे थांबायचं

ब्रेक ऑइल आणि स्टीअरिंग आर्मचे स्टड यांबद्दल वर सांगितलं. याशिवाय स्पिंडल निळा पडलाय किंवा बेअरिंगची आतली कडी त्याच्यावरच फिरून तिने तो खाल्लाय. वाटी हबमध्ये सैल फिरतेय. किंगपिनचा ताण मोजायला स्प्रिंग काटा आणि मॅन्युअल तुमच्याकडे नाही. नकलवर किंवा गोळ्याच्या वेल्डिंगजवळ चीर दिसतेय. यातलं काहीही असेल तर हात बाजूला घ्या आणि या गाड्यांचं काम रोज करणाऱ्याकडे द्या. आणि ब्रीदर, बेअरिंग, बुश, शाफ्ट सगळं नीट असूनही एकाच बाजूचं आतलं सील पुन्हा जात असेल, त्याच चाकाचा टायर एका कडेने खातोय, तर ॲक्सलची नळी वाकलेली असण्याची दाट शक्यता आहे. जोरात आपटलेल्या गाड्यांत हे होतं. ते मोजायला यंत्र आणि अनुभव दोन्ही लागतात, घरच्या अंगणात ते होत नाही. अशा मेकॅनिककडे जाताना ‘हब गळतोय’ एवढंच सांगू नका. काय काय तपासलं आणि काय सापडलं ते कागदावर लिहून न्या. त्याचा वेळ वाचतो, आणि तो नुसतं सील बदलून गाडी परत देत नाही.

जोडल्यावर

पहिल्या २०-३० किलोमीटरनंतर थांबून दोन्ही हबना हात लावा. कोमट चालेल, हात टेकवत नसेल तर नट जास्त कसलाय. चाकाचे नट पुन्हा तपासा. १०० किलोमीटरनंतर गाडी उचलून बारा-सहाचा खेळ बघा, कारण नवीन बेअरिंग थोडं बसतं. फ्री व्हीलिंग हब (म्हणजे हब लॉक) असेल तर महिन्यातून एकदा मऊ जमिनीवर ते लॉक करून थोडं अंतर चालवा, म्हणजे जॉइंट आणि आतल्या सीलला वंगण मिळत राहतं.

आणि ५०० किलोमीटर झाले की नकलचा प्लग उघडून तीच तार पुन्हा बुडवा. ग्रीस तितकंच दाट आलं, तर प्लग बंद करा आणि तारीख वहीत लिहा.